सलतं की ठणकतं

माझ्या पायात रॉड आहे हे आमच्या सावली गावात बहुतेक सगळ्यांना माहीत आहे, कारण बाबांनी माझा एक्स-रे बैठकीच्या खिडकीला चिकटवून ठेवला होता. भेटायला कुणी आलं की ते पडदा बाजूला सारायचे. मागून उजेड आला की नडगीचं हाड पांढुरकं दिसायचं, त्याच्या पोटातून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत गेलेला सरळ दांडा, वर दोन आणि खाली दोन आडवे स्क्रू. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, त्यामुळे समजावून सांगताना ते स्वतःला आवरू शकत नाहीत. पाहुणे मान हलवायचे, चहा प्यायचे आणि आपापल्या नात्यातलं एकेक मोडलेलं हाड काढायचे. कुणाचा साळा तीन महिन्यांत नांगरायला लागला होता. कुणाची सून चाळीस दिवसांत विहिरीवर गेली होती. मी दिवाणावर दोन उशांवर पाय ठेवून हे ऐकायचे आणि खिडकीतल्या पायाकडे बघायचे. तो पाय शांत दिसायचा. उशांवरचा तसा नव्हता.

पडले ते मे महिन्यात. उन्हाळी धान निघाला होता, आणि आमच्याकडे धान रस्त्यावर वाळत घालतात. डांबर तापलेलं असतं, दोन दिवसांत काम होतं. अर्धा रस्ता धानाचा, अर्धा गाड्यांचा, मध्ये ओळीनं ठेवलेले दगड. लहानपणापासून बघितलेली गोष्ट. चुलत बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस सुट्टी काढून मी घरी आले होते आणि दुपारी स्कूटीवरून लग्नघरी निघाले होते. समोरून ट्रक आला म्हणून मी दगडांच्या फटीतून स्कूटी धानावर घातली. धान दिसायला वाळूसारखा असतो, चाकाखाली आला की पाण्यासारखा वागतो.

धान पसरणारी बाई हातातलं दाताळं टाकून धावत आली. तिनं आधी माझ्या अंगावरची स्कूटी उचलली आणि विचारलं, लागलं का बाई? माझा उजवा पाय गुडघ्याच्या खाली, जिथे वाकायची जागा नाही तिथे वाकलेला होता. मी तिला म्हटलं, "नाही, ठीक आहे."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं ते त्या उत्तरापासूनच सुरू झालं असं मला वाटतं.

मी मोहर्लीला, व्याघ्र प्रकल्पाच्या गेटजवळच्या एका पर्यटक निवासात स्वागतकक्षात काम करत होते. मी बुजरी आहे, आणि बुजऱ्या माणसाला ते काम कसं जमतं असं मला खूप जणांनी विचारलं आहे. खरं म्हणजे तिथेच जमतं. समोर काउंटर असतो, अंगावर ठरलेले कपडे असतात, तोंडात ठरलेली वाक्यं असतात, आणि तीही इंग्रजीत. शिशुवर्गापासून बारावीपर्यंत मी चंद्रपूरला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. इंग्रजीत बोलताना मला वाटतं की मी नाही, माझ्या वतीनं दुसरंच कुणी बोलतंय, आणि ती बरीच धीट आहे. पाहुण्यांनी कसं काय विचारलं की छान म्हणायचं, हा तर नोकरीचा पहिला नियम. वाघ दिसला नसला तरी, गरम पाणी आलं नसलं तरी, आपलं डोकं दुखत असलं तरी छान.

दुसरा नियम म्हणजे उभं राहायचं. काउंटरमागे खुर्ची नव्हती. पाहुण्यानं आत येताना बसलेलं माणूस बघू नये, असं मॅनेजर सर म्हणायचे. ते वाईट नव्हते. ऑपरेशननंतर त्यांनी फोन केला, पावसाळ्यात जंगल बंदच असतं, तू आराम कर, जागा ठेवतो, म्हणाले. दिवाळीच्या गर्दीआधी मात्र उभी राहायला हवीस. मी म्हटलं, नक्की सर.

ती जागा मला हवी होती. पगारासाठी हवी होतीच, पण तिथे माझी एक खोली होती, तिची किल्ली माझ्याकडे असायची, आणि संध्याकाळी कुणाशी न बोलता बसता यायचं. ती गेली असती तर सावलीच्या बैठकीतला दिवाण उरला असता. पाय धड होण्याआधीच आई एकदा बाबांना विचारत होती की पुढे कुणी बघायला आलं तर रॉडचं सांगायचं की नाही. मी डोळे मिटून पडले होते. दोघांना वाटलं मी झोपले आहे.

जूनमध्ये टाके निघाले, वॉकर आला. वॉकरच्या रबरांचे काळे ठिपके घरभर फरशीवर उमटले. आई रोज पुसायची आणि रोज ते परत उमटायचे. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायची, टाच ओढायची, पंजा वर-खाली करायचा, असे व्यायाम. मी ते नेमानं केले. अभ्यास करायची सवय होती. जुलैत नवा एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले हाड छान धरतंय. बाबांनी खिडकीतला जुना काढून हा नवा लावला. वॉकर जाऊन हातात काठी आली. सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं होतं.

आणि मग जुलैच्या शेवटी, हाड जुळत असताना, दुखणं वाढायला लागलं.

म्हणजे दुखत तर पहिल्यापासून होतंच, पण त्या दुखण्याची मला ओळख झाली होती. संध्याकाळी गुडघ्यापाशी यायचं, पाय वर ठेवला की हळूहळू उतरायचं. हे दुसरं होतं. काठी टेकवून उजवं पाऊल खाली ठेवलं की घोट्याच्या आतल्या बाजूला, एकाच ठिकाणी. उचललं की नाही. ठेवलं की परत. मी घरी दोनदा सांगितलं. आई म्हणाली, एवढं मोठं ऑपरेशन झालं, दुखणारच. बाबांनी पडदा सारून एक्स-रे बघितला आणि म्हणाले, बघ, चारही स्क्रू जागेवर आहेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, मनात घेऊ नको, मनात घेतलं की जास्त दुखते.

मनात घेऊ नको हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं, की मग मीच स्वतःवर पाळत ठेवायला लागले. खरंच दुखतंय की मी दुखवून घेतेय? मोहर्लीला जायची भीती वाटते म्हणून का? कुणी बघत नसताना चालून बघायचे. तरी दुखायचं. पण आपण स्वतः तर बघतच असतो, तेव्हा त्या प्रयोगाला काही अर्थ नव्हता.

ऑगस्टच्या शेवटी चंद्रपूरला डॉक्टरांकडे गेलो तेव्हा हे सगळं सांगायचं ठरवून गेले होते. बाहेर खूप गर्दी होती, लोक जमिनीवर बसले होते. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, काय, बरं आहे ना? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "बरं हाय, डॉक्टरसायेब. तुमच्या हातानं बरं हाय."

आमच्याकडे असंच म्हणतात. ज्यानं आपल्यासाठी काही केलं त्यानं विचारलं की बरं हाय म्हणायचं. पण डॉक्टरांनी ते ऐकून कागदावर काहीतरी लिहिलं. मग ते माझ्याशी इंग्रजीत बोलले, कारण पहिल्याच दिवशी मी त्यांच्याशी इंग्रजीत बोलले होते. पेन आहे का? आहे. शार्प की डल?

मला आठवतं, मी खरोखर विचार केला. शार्प म्हणणं आगाऊपणाचं वाटलं. बाहेर लोक जमिनीवर बसलेले, आणि आपण शार्प म्हणायचं. डल हा शब्द जरा नम्र होता. मी डल म्हटलं. दहापैकी किती? मी तीन सांगितले. शाळेत दहापैकी तीन म्हणजे नापास, आणि मला वाटतं मी त्या दुखण्याला नापास करूनच टाकलं. डॉक्टर म्हणाले, इतकं चालतं, व्यायाम वाढवा, आता एकदम दिवाळीच्या आसपास एक्स-रे काढू. त्यांनी गुडघा वाकवून बघितला, हाड मोडलं होतं तिथे दाबून बघितलं. तिथे दुखत नव्हतंच. घोट्यावर सूज होती, ती असतेच म्हणाले.

त्या आठवड्यात मॅनेजर सरांचा फोन आला. कशी आहेस? छान आहे, सर.

मग आत्या आली. बाबांची थोरली बहीण, आरमोरीजवळच्या खेड्यात राहते, नवरा वारल्यावर शेती तिनं एकटीनं सांभाळली. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला की ती दरवर्षी आठ दिवस भावाकडे येते, हातापायांना चिखल नको म्हणून. या वर्षी माझ्यासाठी जास्त राहिली. आईला स्वयंपाकात मदत आणि मला बोलणी, अशी तिनं कामं वाटून घेतली. पहिल्याच दिवशी मी काठी घेऊन बैठकीतून मोरीपर्यंत गेले, ते तिनं भिंतीला टेकून बघितलं आणि आईला म्हणाली, "तीन महिने झाले ना गं? इंग्रजीत शिकलेली हड्डी हाये तुह्या पोरीची. जुड म्हटलं तं मराठी समजत नाई तिले."

आई हसली. मीही हसले. मोरीचं दार लावून घेतल्यावर मला रडायला आलं, पण ते बाहेर कळण्यासारखं नव्हतं.

ती रोज काहीतरी बोलायची. मी उशी मागितली की, राणीले अजून एक गादी द्या. मी जेवताना खुर्चीवर बसले की, मेमसायेब आल्या. तिचा राग येत नव्हता असं नाही, पण तिच्या बोलण्यात एक बरं होतं. बाकीचे सगळे मला पडून असलेली समजून हळू आवाजात बोलायचे. आत्या माझ्याशी पूर्ण आवाजात बोलायची.

पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी ती ओसरीवर सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली होती. मी आतून पाणी प्यायला निघाले. ती काही बोलली नाही म्हणून मला नवल वाटलं. परत येताना बघितलं तर सांबाराची जुडी तिच्या हातात तशीच होती आणि ती माझ्या पायांकडे बघत होती.

"तुही चप्पल दे इकडं," ती म्हणाली.

दिली. घरात घालायची रबरी चप्पल, जूनमध्ये घेतलेली. तिनं उजव्या पायाची उलटी केली. बाहेरची कड झिजून पातळ झाली होती, आतली बाजू नवी होती, तिच्यावरच्या रेघासुद्धा शाबूत होत्या.

"तू पायाच्या कडेवर चालून राह्यली," आत्या म्हणाली. "काऊन?"

मी म्हटलं, दुखतं.

"दुखते म्हणजे कसं?"

दुखतं म्हणजे दुखतं, मी म्हटलं. मला वाटलं ती परत काहीतरी टोमणा मारणार.

"तसं नसते, बाई. ठनकते का सलते?"

हे दोन्ही शब्द मी ऐकलेले होते. ऐकलेले म्हणजे घरात, आजूबाजूला, कुणाचं काही दुखत असताना. पण मी ते कधी वापरले नव्हते आणि त्यांत काही फरक असतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या सगळ्या दुखण्यांना एकच शब्द होता, आणि डॉक्टरांपुढे त्याचे दोन प्रकार. मी गप्प राहिले. आत्याला वाटलं मी रुसले. मग तिला कळलं की मला खरंच माहीत नाही. ती हसली नाही. हे मला अजून आठवतं, की हसायची एवढी चांगली संधी होती आणि ती हसली नाही.

तिनं स्वतःचा डावा पाय पुढे घेतला आणि टाचेच्या जरा पुढचा काळा ठिपका दाखवला. लग्नानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या रोवण्यात धानाच्या बांधीत उतरताना तिच्या पायात काटा मोडला होता. बाभळीचा असेल. वरून काही दिसत नव्हतं. ती सांगत राहिली की दुखतं, आणि सासू, जावा, बरोबरच्या बाया सगळ्या म्हणत राहिल्या की चिखल्या झाल्या, सगळ्यांनाच होतात, तेल लाव. चिखल्या तर तिला झाल्याच होत्या, त्यामुळे तिलाही तसंच वाटलं. रोवणा संपला, चिखल्या गेल्या, आणि ते दुखणं राहिलं. पोळ्यानंतर पाय पिकला तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्यानं सुईनं काटा काढला. त्यानंच तिला पहिल्यांदा विचारलं होतं, ठनकते का सलते.

"ठनकते ते आपलं असते," आत्या म्हणाली. "आपलंच हाड, आपलंच मास. थकलं, सुजलं, मंग ठनकते. सलते ते आपलं नसते. काही तरी आत हाये, आन् त्याची जागा तिथी नाई. कुठी दुखते ते हात लावून दाखव मले."

मी गुडघ्यावर तळहात ठेवला. संध्याकाळी इथे, म्हटलं. मग घोट्याकडे वाकले आणि आतल्या बाजूला बोट ठेवलं. एकच बोट, त्याचंही टोक.

आत्यानं माझा हात बाजूला केला आणि तिथे स्वतःचा अंगठा अगदी हलका टेकवला. मी पाय ओढून घेतला. ती उठली. सांबाराची जुडी उचलून आत गेली आणि आईला म्हणाली की वयनी, उद्याच्या उद्या डॉक्टरकडं न्या हिले.

आई म्हणाली, डॉक्टर दिवाळीत या म्हणाले आहेत, मध्येच गेलं तर त्यांना काय वाटेल. बाबांनी पडदा सारला. आत्या खिडकीसमोर उभी राहून तो एक्स-रे बराच वेळ बघत राहिली आणि मग तिनं बाबांना विचारलं, हा फोटो कधीचा हाये? जुलैचा, बाबा म्हणाले. "आता कोणता महिना हाये, गुरुजी?" आत्या म्हणाली. बाबांनी पडदा लावला.

मूल गाव ओलांडून चंद्रपूरकडे जाताना संपूर्ण रस्ता मी इंग्रजी शब्द शोधत होते. मला डॉक्टरांशी मराठीत बोलायचं नव्हतं. इंग्रजीत बोललं की ते मला शिकलेली समजून दोन वाक्यं जास्त बोलायचे. मराठीत बोलले तर मी बाहेर जमिनीवर बसलेल्यांपैकी एक होणार, असं मला वाटायचं. असं वाटायचं हे लिहिताना लाज वाटते आहे, पण वाटायचं. सलण्याला इंग्रजीत काही सापडलं नाही. जे सापडलं ते सगळं एक तर शार्प होतं किंवा डल.

डॉक्टरांनी विचारलं, अरे, तुम्ही लवकर आलात? बरं आहे ना? आई सवयीनं म्हणाली, बरं हाय. आणि मी तिच्या मागून, तिचं वाक्य संपायच्या आत म्हटलं, "सर, इथे सलतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सलतं? म्हणजे काटा असल्यासारखं?"

मी हो म्हटलं आणि बोट ठेवून जागा दाखवली. ते खुर्चीवरून उठून खाली वाकले, सूज अंगठ्यानं थोडी बाजूला दाबली आणि नेमकं तिथेच टेकवलं. मी टेबलाची कड धरली. माझा चेहरा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला असावा. त्याआधी मी दाखवलाच नव्हता.

एक्स-रेत दिसलं. खालच्या दोन स्क्रूंपैकी एक मागे सरकला होता, त्याचं डोकं हाडापासून सुटून कातडीला आतून टेकलं होतं. असं कधी कधी होतं, डॉक्टर म्हणाले. घोट्यापाशी कातडी पातळ असते. आणखी काही आठवडे गेले असते तर ती फुटली असती, आणि मग आत रॉडपर्यंत पू जायचा धोका होता. त्यांनी विचारलं, हे कधीपासून? मी सांगितलं, जुलैच्या शेवटापासून. मग मागच्या वेळी? असं म्हणून त्यांनी माझा कागद उलटला आणि बोटानं एक ओळ दाखवली. रागानं नाही. डल, दहापैकी तीन. अक्षर त्यांचं होतं, उत्तर माझं.

बाहेर बाकावर आई खूप वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "त्यायनं एवढं केलं आपल्यासाठी. त्यायच्या तोंडावर बरं नाई म्हणाले मले लाज वाटे."

मी म्हटलं, मलापण.

स्क्रू काढायला अर्धा तासही लागला नाही. तेवढाच भाग बधिर केला, मी छताकडे बघत होते, धातूच्या ट्रेमध्ये काहीतरी टणकन पडलं. त्यांनी तो छोट्या प्लास्टिकच्या डबीत घालून दिला. घरी आत्यानं डबी उजेडात धरून हलवली. करंगळीच्या दोन पेरांएवढा होता. "एवढासा?" ती म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं, "समजते तं हड्डीले मराठी." तिनं माझी माफी वगैरे मागितली नाही आणि मला ती नकोही होती. दुसऱ्या दिवशी ती आरमोरीला गेली, धानात निंदण होतं.

हे इथे संपलं असतं तर मला ते सांगायला सोपं गेलं असतं. घोटा सलायचा थांबला, पहिल्याच आठवड्यात. त्यानंतर जे उरलं ते स्पष्ट ऐकू यायला लागलं. दुसरा आवाज बंद झाल्यावर होतं तसं. गुडघा. रॉड गुडघ्यापासूनच आत घालतात, त्यामुळे तिथलं दुखणं बरेच दिवस राहतं, डॉक्टर म्हणाले. किती दिवस? त्यांनी खरं सांगितलं, काहींचं वर्षभरात जातं, काहींचं थोडं राहूनच जातं. ते कुणी काढून डबीत घालून देणार नव्हतं. ठनकते ते आपलं असते.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला तेव्हा आत्या परत आली आणि आम्ही तिघी विहारात गेलो. मला गुडघे टेकता येत नव्हते. मागे भिंतीशी म्हाताऱ्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या होत्या, त्यांतल्या एकीवर बसले. ओळखीच्या बायका वळून वळून बघत होत्या, बरं हाय ना, विचारत होत्या. मी मान हलवत होते. बरं हाय म्हणायचं की नाही हे मला अजून ठरवता आलं नव्हतं. वंदनेला सगळे गुडघ्यांवर वाकले आणि माझ्यासमोर एकदम सगळ्यांचे तळपाय आले. पांढरे, भेगाळलेले, मेंदी लावलेले. आत्याच्या डाव्या पायावरचा काळा ठिपका मला तिथून दिसत होता. खुर्चीत बसून मी हात जोडले. माझ्या बाजूच्या आजोबांनी हळूच विचारलं, पोरी, तू इकडं काऊन? मी म्हटलं, गुडघा ठणकतो. ते म्हणाले, माहाही, आणि सरकून मला पाय लांबवायला जागा करून दिली.

त्यानंतरच्या आठवड्यात तपासणी होती. दिवाळी जवळ आली होती, मॅनेजर सरांचे दोन फोन येऊन गेले होते, आणि दोन्ही वेळा मी छान म्हटलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, बरं आहे ना? आईचं तोंड उघडलं. मग मिटलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

"घोटा सलत नाही," मी म्हटलं. "गुडघा ठणकतो. उभं राहिलं की वीस मिनिटांत सुरू होतो. बसल्यावर तासाभरानं उतरतो."

त्यांनी सगळं लिहून घेतलं. नोकरी उभ्यानं करायची आहे हे कळल्यावर म्हणाले, आत्ता आठ तास नाही. तीन महिन्यांनी बघू. बसून चालत असेल तर जा.

गाडीत बसल्यावर मी मॅनेजर सरांना फोन लावला. त्यांच्याशी नेहमी इंग्रजीत बोलायचे, या वेळी मराठीत बोलले, कारण इंग्रजीत मी परत छान म्हणून गेले असते. वीस मिनिटांचं सांगितलं. मला खुर्ची लागेल, हेही सांगितलं. आधी दोनदा छान म्हटलं ते खरं नव्हतं, असंही म्हटलं. मग ते म्हणाले, हे आधी सांगायला हवं होतं. दिवाळीचं बुकिंग फुल आहे, एक दुसरी मुलगी बघून ठेवलेली आहे. खुर्चीचं मालकांना विचारतो, संध्याकाळपर्यंत कळवतो.

बाबा गाडी चालवत होते. आई मागे होती. मूलच्या पुढे हलका, लवकर पिकणारा धान कापायला आला होता, काही बांध्या रिकाम्या झाल्या होत्या. सावली जवळ आल्यावर रस्त्याच्या कडेला या हंगामातला पहिला धान पसरलेला दिसला, ओळीनं दगड, पलीकडे दाताळं घेतलेली एक बाई. समोरून ट्रक येत होता. बाबांनी गाडी आधीच हळू केली होती, तरी माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, जिथे ब्रेक नव्हता. गुडघ्यातून ठणका वर मांडीपर्यंत आला.

फोन मांडीवर होता. ट्रक गेला. पाच वाजून गेले होते, सरांचा फोन अजून आला नव्हता. मी तळहात गुडघ्यावर ठेवला आणि तसाच ठेवून बसले.